दोन गाड्यांची डबलबारी

या, पुढे सरका. भिंतीला टेकून बसाल तर अर्धी गोष्ट कानात जाईल आणि अर्धी झोपेत. मांडी जरा आवळून घेतली की जागा होते. परबांच्या घरात तर ती नेहमीच होत आली आहे. आज गोष्ट सांगायची आहे ती गाडीची. देवाच्या रथाची नव्हे हो, हायवेवरच्या शोरूममध्ये काचेमागे उभ्या असलेल्या साध्या चार चाकांच्या गाडीची. पण ऐकून उठताना हात आपोआप जोडले गेले नाहीत, तर दोष सांगणाऱ्याला द्या. रुक्मिणीला देऊ नका.

ती रुक्मिणी त्या शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून भिजलेले वाल सोलत होती. तिचे खाली बसणे चार वर्षांपूर्वीच सुटले होते. गुडघे रुसले तेव्हा तिने त्यांच्यावर राग धरला नाही. "सत्तर वर्षं वागवलं बिचाऱ्यांनी," म्हणायची. मात्र गुडघ्यांबरोबर गावही सुटले. बसची पायरी चढवेना, रेल्वेचा डबा चढवेना. मार्गशीर्षातला गावच्या देवळातला सप्ताह, त्यातले शेवटच्या दिवसाचे काल्याचे कीर्तन, डावीकडून तिसऱ्या खांबापाशी तिची ठरलेली जागा, हे सगळे आता फोनच्या पडद्यावर आले होते. कीर्तनकार ऐन रंगात यायचे आणि नेटवर्क जायचे. रुक्मिणी मग स्वतःच दोन टाळ्या वाजवून कीर्तन पुरे करायची.

यंदा दोन्ही मुलांनी ठरवले, मिळून गाडी घ्यायची आणि सप्ताहाला गाडीने जायचे. गाडी ठरत नव्हती, एवढेच. सप्ताह तीन आठवड्यांवर आला होता.

"दादा, तू ऐकूनच घेत नाहीस," धाकटा सुबोध सोफ्यावरून म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर नाही. डिकी बघितलीस? आपल्या माळ्यापेक्षा मोठी आहे."

"डिकीत बसून जाणार आहेस का?" थोरल्या राजेशने विचारले. "देवळाची घाटी आठव. शेवटचा अर्धा किलोमीटर नुसते धोंडे. तुझी ती ठेंगणी गाडी तिथे पोटावर बसेल आणि सप्ताहाला आलेलं अख्खं गाव तिला ढकलायला येईल. त्यापेक्षा उंच गाडी घे, पत्रा जाड घे, निर्धास्त जा."

दोन गाड्या, दोन भाऊ, हे तर साधे झाले. गंमत बायकांची होती. राजेशची मानसी होती सुबोधच्या बाजूने, कारण घरात नवऱ्यापेक्षा गाडी ती बरी चालवायची आणि गिअर टाकायचा तिला कंटाळा होता. आणि सुबोधची कुंदा होती थोरल्या दिरांच्या बाजूने.

"उंच गाडीला कसा रुबाब असतो, नाही का दादा?" कुंदा म्हणाली. "आमच्या कणकवलीला दारात उभी राहिली की चार माणसं बाहेर येऊन बघतील."

"बघ सुब्या, तुझ्याच घरात तुला मत नाही!"

"तुझ्या घरात तरी कुठे आहे? वहिनी, सांगा ना जरा."

"मी काय सांगणार भावजी," मानसी म्हणाली, "मी दोन वर्षं सांगतेय. ह्यांचा डावा कान ऑटोमॅटिक आहे, माझा आवाज आला की आपोआप बंद होतो."

रुक्मिणी वाल सोलता सोलता हसली. घरात भांडण होते, पण कसले, तर कुठली गाडी घ्यायची याचे. गिरणीच्या संपात चाळीतल्या घरात भांडण झाले होते ते उरलेली एक भाकरी कोणी खायची याचे. ती म्हणायची, मला नको; नवरा म्हणायचा, मला नको. त्या दिवसांपासून ह्या दिवसांपर्यंत पांडुरंगाने बोट धरून आणले. अजून काय मागायचे त्याच्याकडे? म्हणून तर ती मागत नव्हती. एक इच्छा होती. वालाच्या डाळिंबीसारखी ती तिने सालात दडवून ठेवली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचे यजमान, चंद्रप्रकाश आले. एके काळी लालबागेत त्यांचे नाव पुकारले की मंडपात माणसे दाटीवाटीने बसायची. डबलबारीचे बुवा ते. समोरासमोर दोन भजनी मंडळे, दोन बुवा, एकाने गाण्यातून टोला हाणायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच फेडायचा, आणि शेवटी एकमेकांना प्रश्न घालायचे. पुढे घशाचे ऑपरेशन झाले, आवाज गेला, आणि बुवा पखवाजाकडे वळले. आता बोलायचे ते थोडे आणि घोगरे, पण घर ऐकायचे.

"आठ दिवस ह्याच चाललाहा," ते म्हणाले. "दोघांचा गाणा एकच, चाल पण एकच. आता बारीच होऊन जाऊ दे. राजू ह्या बाजूक, सुबोध त्या बाजूक. जो हरात तेची गाडी रद्द."

"बाबा, काय पण!"

"पेटी काढ. कुंदा, कणकेचो एक गोळो आण गो."

कुंदाने रात्रीच्या पोळ्यांच्या कणकेतला गोळा आणून दिला. चंद्रप्रकाशांनी तो थापून पखवाजाच्या डाव्या तोंडावर बसवला, एक थाप मारली, आणि खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. त्या इमारतीत सगळे जाणून होते, परबांचा पखवाज बोलला की आपण गप्प बसायचे. मानसीने झांज घेतली. दोघे भाऊ लहानपणी वडिलांच्या मागे बसून कोरस धरायचे. चाळिशी उलटलेले ते दोन बाप्ये आता हातरुमाल खांद्यावर टाकून समोरासमोर बसले. नमन झाले, गजर झाला. देवाचे देऊन झाल्यावर राजेशने पेटीवर सूर धरला.

"उंच माझी राणी, तिची छाती पाहा पुढे,
खड्ड्यांना ती भीत नाही, चढणीला ती चढे.
बुवा तुमची ठेंगणी ती दबकत दबकत चाले,
घाटीमधला धोंडा तिच्या पोटाची साल सोले!"

"वा दादा!" कुंदा ओरडली. सुबोधने बायकोकडे असे पाहिले की मानसीच्या झांजेचा ठेका हसण्याने चुकला.

"ठेको सांभाळ गो!" चंद्रप्रकाश म्हणाले.

सुबोधने पेटी पुढ्यात ओढली, घसा खाकरला.

"ताडसुद्धा उंच बुवा, सावली ना कुणा,
क्लच दाबून दाबून तुमचा गुडघा झाला जुना.
माझी गरीब गाय पाहा, गिअर स्वतः टाकी,
पाच जणांच्या दहा बॅगा, तरी डिकीत जागा बाकी!"

"पाच जण?" राजेशने गाणे सोडून गद्यात विचारले. "आपण सहा आहोत."

"सहावा माणूस खऱ्या गाडीने येईल. कोकण रेल्वेने. मीच येतो, झालं?"

हशा पिकला. रुक्मिणी तर डोळे पुसत होती. पण 'गुडघा' हा शब्द आला तेव्हा तिचा हात नकळत मांडीवर गेला होता, आणि ते मानसीने पाहिले होते.

मानसीने आणखीही एक पाहिले होते. आदल्या दिवशी सकाळी ती ऑफिसला निघाली, पण डबा विसरली म्हणून परत आली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात फ्रीजचा दांडा धरून उभ्या होत्या. समोर हेच स्टूल होते. त्या उजवा पाय उचलून स्टुलावर ठेवायचा प्रयत्न करत होत्या. पाय अर्ध्यावर जाई, परत येई. पुन्हा जाई, परत येई. मानसीने विचारले तेव्हा म्हणाल्या, "काही नाही गं, व्यायाम." मानसी गेली खरी, पण जिन्यात तिला कुंदाचे बोलणे आठवले होते. आईंनी कुंदाला विचारले होते, त्या उंच गाडीची पायरी केवढी असते? कुंदाने आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवले होते.

आता बारी प्रश्नावर आली. चंद्रप्रकाशांनी लय उतरवली. "टाका प्रश्न. पण उत्तर दाखल्यासकट होया. हवेतला नको."

राजेश तोंड उघडणार तोच झांज थांबली.

"प्रश्न मी टाकते," मानसी म्हणाली.

"झांजवाल्याला प्रश्न टाकता येत नाही," राजेश म्हणाला. "नियम आहे."

"येता," चंद्रप्रकाश म्हणाले. "माझ्या बारीत येता. विचार."

मानसीने झांज मांडीवर ठेवली. "दोन्ही बुवांना एकच प्रश्न. आपण दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. हायवेला नेल्या, नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत नेल्या. आई त्यातल्या कुठल्या गाडीत कशा बसल्या, ते सांगा. दाखल्यासकट."

चंद्रप्रकाशांनी पखवाजावरचा हात मागे घेतला.

राजेशने सुबोधकडे बघितले. सुबोधने राजेशकडे. गेल्या शनिवारी चालवायला एक भाऊ होता. पुढे बाबा, कारण मोठ्या माणसाने पुढेच बसायचे. परबांच्या घरात रिक्षा सोडून प्रत्येक वाहनात हे ठरलेले. मागे शोरूमचा माणूस, दुसरा भाऊ आणि दोघींपैकी एक सून. रुक्मिणी दोन्ही वेळा शोरूमच्या सोफ्यावर, सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन, मशीनचा गोड चहा पीत. "तुम्ही जाऊन या रे, मी आहे इथे," म्हणत.

"मी... बाबांना विचारलं होतं," राजेश पुटपुटला. "बाबा म्हणाले, दोन्ही सीट छान आहेत."

"पुढच्या," मानसी म्हणाली.

"अगं मानसी, काय हे," रुक्मिणी घाईघाईने म्हणाली. वालाची परात तिच्या मांडीवर हलली. "माझं काय घेऊन बसलीस? मी कुठेही बसेन. नाहीच जमलं तर घरी बसेन. फोनवर दिसतं की कीर्तन."

हे शेवटचे वाक्य तिने बोलायला नको होते. तिच्या घशातून ते इतके सरळ आले की त्यात आजवर चार वर्षे दडवलेले सगळे ऐकू आले. आठ दिवस तिला धास्ती होती ती एवढीच: मुले हौसेने उंच गाडी दारात आणतील, हार घालतील, आणि तिला चढता येणार नाही. मग त्यांचा आनंद नासेल. त्यापेक्षा आधीच चढायला शिकलेले बरे, म्हणून ते स्टूल.

चंद्रप्रकाशांनी पखवाज बाजूला ठेवला. "मी दोन्ही गाडयेत पुढे बसलंय," ते सावकाश म्हणाले. "मागे वळान बघूक नाय, आपली बाईल खय आसा म्हणून. पन्नास वर्षां प्रश्न घालीत इलंय लोकांका. आज माझ्याच घरात माका उत्तर नाय."

"अहो, असं काय बोलता..."

"तू गप गो. दोन्ही बुवा हरले. बारी उद्या. शोरूमात."

रविवारी दुपारी सगळे परब हायवेवर हजर. दोन्ही शोरूम शेजारी शेजारी, मध्ये एक टायरचे दुकान. आधी उंच गाडी. तिथला प्रितम नावाचा विक्रेता हसत पुढे आला, पण आज कोणी इंजिनाचे काही विचारीना. सगळ्यांनी मागचे दार उघडले आणि रुक्मिणीला वाट करून दिली. तिला लाजल्यासारखे झाले. आयुष्यात एवढी माणसे तिच्याकडे एकदम बघत उभी राहिली होती ती लग्नात.

तिने वरची पकड धरली. पाय उचलला. स्टुलाएवढाच गेला, अर्ध्यावर. राजेशने दंड धरला. पुन्हा उचलला, या वेळी पाऊल आत टेकले, पण अंग वर येईना.

"थांब रे, घाई नको करू," ती हसून म्हणाली. "देवळाची पायरीसुद्धा मी दम खाऊनच चढते." पण ओठांवर घाम आला होता.

"खाली जोडपायरी लावून मिळेल ना?" राजेशने विचारले. त्याचा आवाज उतरला होता. "हिला उंच गाडी जमेल, फक्त एक पायरी..."

"मिळेल सर," प्रितम म्हणाला. मग त्याने जाऊन एक खुर्ची आणली, रुक्मिणीला तिच्यावर बसवले आणि मान खाजवत उभा राहिला. "सर, मॅनेजर ऐकतील तर वाट लागेल माझी. पण पायरी लावली तरी उतरताना आजींना त्रास होणार. चढणं एक वेळ होतं, उतरणं नाही होत. माझ्या आजीचं बघितलंय मी. तुम्ही शेजारी बघा ना. तिकडची सीट खाली आहे."

रुक्मिणीने त्याच्या गालावरून बोटे फिरवून कानशिलावर मोडली. "तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग हो बाळा."

टायरच्या दुकानावरून सगळे शेजारी गेले. सुबोधच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. तो आईची पिशवी धरून मागून चालला होता. ठेंगण्या गाडीचे मागचे दार उघडले. राजेश दंड धरायला पुढे झाला, तशी रुक्मिणी म्हणाली, "सोड, इथे मला येतं."

आणि तिने गाडीकडे पाठ केली. सीटच्या कडेवर आधी टेकली. मग एक पाय उचलून आत, मग दुसरा. पदर सावरला. झाले.

"अय्या!" कुंदा म्हणाली. "आई, हे कुठे शिकलात?"

रुक्मिणीने सीटवरून हात फिरवला. गाडीत नव्या रेक्झिनचा वास होता, पण तिला आला तो जुन्या स्पंजचा, उदबत्तीचा आणि पेट्रोलचा.

"जयवंतभावजींनी शिकवलं," ती म्हणाली. "सुबोधच्या वेळी. संप चालू होता. तुमचे बाबा मोर्चाला गेलेले, आणि भर दुपारी माझ्या पोटात कळा. चाळीत शेजारी जयवंत टॅक्सीवाले. जेवणाच्या ताटावरून उठले, हात धुतले नाहीत. मला टॅक्सीत वाकता येईना, मी रडायला लागले. तर म्हणाले, वहिनी, गाडीत चढू नका. आधी पाठ करा, बसा, मग पाय आत घ्या. घाई करायची ती मी करतो, तुम्ही करू नका."

सगळे दाराभोवती उभे होते. सुबोध तर खाली उकिडवा बसला होता.

"तेव्हा मीटर बाहेर असायचा, डाव्या अंगाला. मी कळांमध्येसुद्धा त्या मीटरकडे बघत होते. पिशवीत काही नव्हतं ना रे. त्यांनी ते बघितलं. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मीटरवर टाकला. पैशाचं नाव काढलं नाही. नंतर कीर्तनाला दादरला न्यायचे, बाबांना घशाच्या वेळी हॉस्पिटलात न्यायचे. परबांचं माणूस बसलं की टॉवेल मीटरवर. शेवटपर्यंत."

"मला हे कधी सांगितलं नाहीस," सुबोध म्हणाला.

"तुला काय सांगायचं? तू होतास की त्या टॅक्सीत."

राजेश बराच वेळ गाडीच्या पोटाखाली वाकून बघत होता. मग उठला, हात झटकले. "ही घाटीत घासणार. मी काल म्हणालो ते खोटं नाही."

"दादा, आता पुरे ना..."

"ऐक रे. घासणार, कारण पाच माणसांचं वजन असणार. घाटीच्या पायथ्याशी आपण उतरायचं. मी, तू, कुंदा, गाडीत जो कोण असेल तो. मानसी चालवेल आणि आई बसून राहील. गाडी हलकी झाली की पोट उचलेल. आपण मागून चालत."

"मी पण उतरतंय," चंद्रप्रकाश म्हणाले.

"बाबा, तुम्ही पुढे बसा."

"नाय. पुढे ती बसतली." त्यांनी बायकोकडे पाहिले. "बारी संपली. काय गो, पसंत?"

रुक्मिणीने गाडीच्या छताकडे बघून हात जोडले, आणि तेच उत्तर सगळ्यांनी दाखल्यासकट धरले.

गाडी आली गुरुवारी, सप्ताहाच्या चार दिवस आधी. चाकांखाली लिंबे झाली, नारळ झाला, हार झाला. सोसायटीतली माणसे बघून गेली. कुंदाने रंगाचे सर्व श्रेय स्वतःकडे घेतले आणि राजेश सगळ्यांना सांगत राहिला की तशी ही दिसते त्यापेक्षा उंच आहे. मग पहिल्या फेरीसाठी रुक्मिणीने पुढच्या दाराशी गाडीकडे पाठ केली, बसली, एक पाय, दुसरा पाय. समोर मोठा काळा पडदा उजळला, त्यावर आकडे आले, रेषा आल्या.

"आई, ह्यात सगळं दिसतं," मानसी चालकाच्या जागेवरून सांगू लागली. "किती किलोमीटर झाले, किती वेळ लागेल..."

रुक्मिणीने पिशवी उघडली. आतून एक लाल काठाचा पंचा काढला. धुऊन, घडी घालून आणलेला. तो उलगडून तिने हळूच त्या पडद्यावर टाकला.

मानसीने तो काढला नाही. "चला," म्हणाली, आणि गाडी गेटबाहेर काढली.

तर बायाबाप्यांनो, घाटीच्या पायथ्याशी परब उतरले का, गाडीचे पोट घासले का, ते गावच्या लोकांना विचारा, ते मीठमसाला लावून सांगतील. काल्याच्या कीर्तनाला डावीकडून तिसऱ्या खांबापाशी रुक्मिणी होती, एवढे मी सांगतो. तुमच्याकडे मागणे एकच. आज घरी जाताना कोणी तुम्हाला वाटेत सोडेल, किंवा तुम्ही कोणाला सोडाल. त्या वेळी क्षणभर त्या माणसाचे नाव मनात घ्या, ज्याने जेवत्या ताटावरून उठून खांद्यावरचा टॉवेल मीटरवर टाकला. जयवंत. एवढे नाव लक्षात ठेवा.